नवा डेस्कटॉप घ्यायचा क्रम : आधी कामाची यादी, मग विंडोज, डबा सगळ्यात शेवटी

"चाळीस हजारांत कुठला कॉम्प्युटर घेऊ?" हा प्रश्न मला सतत येतो. मी विचारतो, "त्यावर काय चालवणार? प्रिंटर कुठला आहे? टॅली आहे का?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. बऱ्याच जणांनी तर तोवर पैसेही दिलेले असतात. मग पुढच्या महिन्यात फोन येतो : डीएससी टोकन (डिजिटल सही असलेला यूएसबी) दिसत नाही, जुन्या फाइलीतलं मराठी इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतंय, पडद्याच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" आलंय.

यातल्या जवळजवळ सगळ्या अडचणींचं मूळ एकच आहे. माणसं आधी डबा, म्हणजे मशीन, घेतात आणि विंडोज कुठलं टाकायचं ते दुकानातल्या पोरावर सोडतात. खाली दिलेला क्रम घर, दुकान, लहान ऑफिस आणि डीटीपीचं काम यांसाठी आहे. गेमिंग किंवा मोठं व्हिडिओ एडिटिंग हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

## टप्पा १ : जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून यादी करा

यादी आठवून करू नका. जुनं मशीन चालू करा, वही उघडा आणि तीन रकाने आखा : प्रोग्राम, जोडलेली यंत्रं, फाइली. आठवणीतून केलेल्या यादीत वर्षातून दोनदाच लागणारी गोष्ट हमखास राहते, आणि अडचण नेमकी तिचीच होते.

प्रोग्राम. प्रत्येकाचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि परवाना कशावर आहे ते लिहा. परवाना कागदावरच्या कीवर असतो, ऑनलाइन खात्यावर असतो किंवा यूएसबीत खोचायच्या लॉकवर असतो. लॉकवर चालणारं सॉफ्टवेअर असेल, तर ते बनवणाऱ्या कंपनीला आजच विचारा : "आमच्या आवृत्तीचं लॉक विंडोज ११ वर चालतं का?" उत्तर ईमेलवर घ्या.

डॉसच्या काळातलं बिलिंग अजून बऱ्याच दुकानांत, पतसंस्थांत चालू आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसतात आणि माउस लागत नाही, ते हे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यावर डॉसचे जुने प्रोग्राम थेट उघडत नाहीत. प्रोसेसर कितीही महागाचा घेतला तरी यात फरक पडत नाही. यावर मार्ग दोनच. नवं बिलिंग घेऊन मागचा हिशेब त्यात उतरवायचा, किंवा जुनं मशीन इंटरनेट काढून फक्त त्या कामापुरतं ठेवायचं.

यंत्रं. प्रिंटर, स्कॅनर, बारकोड, अंगठ्याचं यंत्र, डीएससी टोकन, यूपीएस. प्रत्येकाचा मॉडेल नंबर यंत्रावरच्या स्टिकरवरून उतरवा आणि कंपनीच्या साइटवर त्याचा विंडोज ११ चा ड्रायव्हर (ते यंत्र विंडोजला ओळखू देणारा प्रोग्राम) आहे का ते बघा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जाड, पंचवीस पिनांच्या केबलवर असेल, तर तो पोर्ट नव्या मदरबोर्डवर बहुधा नसेल. यूएसबी कन्व्हर्टरवर प्रिंटर सहसा चालून जातो. त्याच पोर्टवर बसणारं सॉफ्टवेअरचं लॉक मात्र कन्व्हर्टरवर चालेल असं धरून चालू नका.

फाइली आणि फॉन्ट. मराठीत काम करणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यायला हवा. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्ही-टीटी सुरेख असे जुने फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत) नाहीत. त्यांत टाइप केलेला मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसलेला असतो, फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मजकूर अगम्य दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट आलेला नसतो. म्हणून वापरातल्या प्रत्येक फॉन्टचं नाव यादीत हवं.

माझ्या मावसभावाचा तालुक्याच्या गावी लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. ऐन लग्नसराईत जुनं मशीन बसलं म्हणून त्यानं एका दिवसात नवं आणलं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक नव्या विंडोजवर ओळखलंच जाईना, आणि वर्षानुवर्षांचे पत्रिकांचे नमुने त्याच फॉन्टमध्ये. तीन आठवडे तो दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसून मजकूर लावत होता. यादीला अर्धा तास लागला असता.

> इथे थांबा. यादीतल्या एखाद्या नोंदीपुढे "विंडोज ११ वर चालतं" किंवा "चालत नाही, पर्याय अमुक" असं लिहिलेलं नसेल, तर दुकानात जाऊ नका.

## टप्पा २ : ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती ठरवा

विंडोज १० : नव्या मशीनवर नको. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण ती जुन्या मशीनवाल्यांना हलायला वेळ मिळावा म्हणून. "दहा हलकं आहे, तेच टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. विंडोज ७ चं तर नावही काढू नका. त्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार आहात.

विंडोज ११ होम की प्रो? प्रोमध्ये जास्तीचं काय मिळतं? दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपनं या मशीनवर येता येतं, ऑफिसच्या डोमेनला जोडता येतं, ग्रुप पॉलिसी लावता येते, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करायची सोय) हवं तसं बसवता येतं. यातलं एकही वाक्य आपल्या कामाचं वाटत नसेल, तर होम पुरेसं आहे. प्रो वेगवान असतं हा गैरसमज आहे. वेग दोन्हींचा सारखाच. पुढे गरज पडलीच तर पैसे भरून होमचं प्रो करता येतं, काही पुसावं लागत नाही. त्यामुळे शंका असेल तर होम घ्या.

होम सिंगल लँग्वेज. भारतात तयार मिळणाऱ्या अनेक ब्रँडेड मशीनवर हीच आवृत्ती असते. हिच्यात विंडोजचे मेन्यू एकाच भाषेत राहतात, ती भाषा बदलता येत नाही. मराठी टायपिंगला मात्र काहीही अडत नाही. कीबोर्ड हवे तेवढे जोडा. घरातल्या ज्येष्ठांना सगळे मेन्यूच मराठीत हवे असतील, तरच ही आवृत्ती टाळा.

२४एच२, २५एच२ हे काय? हे त्या त्या वर्षाच्या अपडेटचे आकडे आहेत. होम आणि प्रोच्या प्रत्येक आकड्याला २४ महिने अपडेट मिळतात : २४एच२ ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २५एच२ ला १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. खोक्यातून जुना आकडा निघाला तर घाबरू नका. मशीन पात्र असेल तर पुढचा आकडा अपडेटमधून फुकट येतो.

लिनक्स. ब्राउझर, ईमेल, पत्रं, युनिकोड मराठी आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट मनापासून सुचवतो. फक्त उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्तीच घ्या. २४.०४ एलटीएसला पाच वर्षं सुरक्षा अपडेट आहेत, मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, गमभन पद्धतीचं (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे) टायपिंगही मिळतं. टॅली, फोटोशॉप, कोरल किंवा लॉकवाला मराठी फॉन्ट यादीत असेल, तर हा मार्ग सोडा. खर्च करण्याआधी लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन जुन्याच मशीनवर चालवून बघा. प्रिंटर आणि वायफाय चालतं की नाही, ते फुकटात कळतं.

> सावधान. "डॉस" किंवा "फ्री डॉस" लिहिलेलं मशीन स्वस्त दिसतं, कारण त्यात विंडोजचा परवाना नसतो. लिनक्स टाकणार असाल तर तेच घ्या. विंडोज हवं असेल तर त्याची वेगळी किंमत धरून मगच तुलना करा.

## टप्पा ३ : आता यंत्र निवडा

सगळ्यात जास्त फसवणूक "आय-सेव्हन" या शब्दावर होते. नवा चकचकीत कॅबिनेट, आत एच६१ चा मदरबोर्ड आणि तिसऱ्या पिढीचा आय-७, म्हणजे २०१२ सालचा माल. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे. पिढी ओळखायला आय-५ च्या पुढचा पाच आकडी नंबर बघा. १२४०० म्हणजे बारावी, १३४०० म्हणजे तेरावी. नंबर ३४७० किंवा ३७७० असा चार आकडी आणि तिनापासून सुरू होणारा असेल, तर ती तिसरी पिढी. बाराव्या पिढीचा साधा आय-३, म्हणजे १२१००, हा त्या जुन्या आय-७ पेक्षा बराच पुढे आहे.

नंबराच्या शेवटी इंग्रजी एफ अक्षर असेल, तर त्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. १२४०० चालेल. १२४००एफ घेतला तर वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावं लागेल, नाहीतर मॉनिटरवर काहीच येणार नाही. एएमडीत रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, ५६०० मध्ये नाही. थोडे पैसे वाचवण्याच्या नादात ही चूक बरेच जण करतात.

बाकी गोष्टी थोडक्यात :

- रॅम : १६ जीबी. ८ जीबीवर विंडोज ११ चालतं, पण ब्राउझरचे पंधरा टॅब आणि कोरल एकत्र उघडले की अडखळतं. दोनच खाचा असलेल्या बोर्डावर पुढे वाढवायचा विचार असेल तर १६ ची एक पट्टी घ्या, नसेल तर ८ च्या दोन. दोन पट्ट्यांवर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स जास्त चांगलं चालतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून जुन्या कोटेशनवर विसंबू नका.
- डिस्क : विंडोजसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क). जुनी फिरती हार्ड डिस्क फक्त बॅकअपला.
- एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारं यंत्र) : कॅबिनेटबरोबर फुकट येणारा नको. बिलात याचं नाव आणि वॉट वेगळे लिहून घ्या.
- यूपीएस : ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला साधारण ६०० व्हीएचा चालतो. लेझर प्रिंटर त्याला कधीच जोडू नका. गरम होताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस जागेवर बसतो. अर्थिंग नसलेल्या खोलीत नवं मशीन लावण्याआधी वायरमनला बोलवा.

> तपासा. असेंबल्ड मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू हवं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलसाठी पीटीटी आणि एएमडीसाठी एफटीपीएम या नावानं ते असतं. हे न बघता, अट चुकवून विंडोज ११ बसवणारे महाभाग आहेत. तसं बसवलेलं विंडोज आज चालतं, पण पुढची अपडेट मिळण्याची खात्री राहत नाही.

## टप्पा ४ : कोटेशन, दुकानातली तपासणी, पक्कं बिल

किमान दोन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा गावातल्या दुकानात, कागदावर तेच हवं : प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मदरबोर्डचं मॉडेल, रॅम, एसएसडीची कंपनी, आणि विंडोजची आवृत्ती वेगळ्या ओळीत. "विंडोज लोड करून देऊ" हे वाक्य मला सर्वात घातक वाटतं. लोड करणं आणि विकत मिळणं यांत फरक आहे. ज्या दुकानदाराला ती ओळ बिलात लिहायची नाही, तो तुम्हाला परवाना देत नाहीये.

परवाने दोन प्रकारचे मिळतात. ओईएम परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो, मशीनबरोबरच संपतो. रिटेल महाग असतो, पण पुढच्या मशीनवर नेता येतो. ब्रँडेड मशीनचा ओईएम परवाना बोर्डातच साठवलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकताना की विचारली जात नाही. ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांत मिळणाऱ्या "प्रो की" यांतल्या कुठल्याच प्रकारात भरवशाच्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या सामूहिक परवान्यातून फुटलेल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात.

फुकट ॲक्टिव्हेशन करणाऱ्या चोरट्या प्रोग्रामबद्दल तर मी कळकळीनं सांगतो. तो बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्याला आत यायला दाराचं कुलूप काढायला लागतं, त्याच्या हाती तुम्ही जीएसटीचा, बँकेचा, ग्राहकांच्या आधार कार्डांच्या फोटोंचा कारभार देताय.

पैसे देण्याआधी मशीन चालू करून घ्या आणि हे बघा :

1. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. प्रोसेसर आणि रॅम कोटेशनप्रमाणे आहे का? विंडोजची आवृत्ती ठरलेलीच आहे का? एका सुट्या मशीनवर "एंटरप्राइज" किंवा "एज्युकेशन" दिसलं, तर परवान्याचा कागद मागा.
2. विंडोजचं बटण आणि आर दाबा. उघडलेल्या खिडकीत इंग्रजीतून एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि लगेच डी-एल-आय टाइप करून एंटर दाबा. ओईएम किंवा रिटेल असा उल्लेख दिसायला हवा. "व्हॉल्यूम केएमएस" (मोठ्या कंपन्यांचा सामूहिक परवाना) दिसलं तर ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांपुरतं असतं आणि कंपनीच्या सर्व्हरशिवाय पुढे चालत नाही.
3. ब्रँडेड मशीनचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. ती आजच्या आसपासची हवी.

दुसऱ्या तपासणीला चकवा देणारे प्रकारही आहेत, म्हणून शेवटचा पुरावा बिलच. पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटीही मिळत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर घालून घ्या. नेहमीच्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला डेस्कटॉपवरचा १८ टक्के कर वळता करून घेता येतो. कंपोझिशनवाल्यांना ती सवलत नाही.

## टप्पा ५ : जुनं मशीन बंद करण्याआधी

- टॅलीचा परवाना जुन्या मशीनवर सरेंडर करा. हे राहिलं तर नव्यावर ॲक्टिव्ह करताना अडतं, आणि तोवर जुना डबा भंगारात गेलेला असतो. ज्यांचा परवाना मोजक्या मशीनपुरता असतो, अशा सगळ्या प्रोग्रामचं हेच. आधी जुन्यावरून साइन आउट किंवा डीॲक्टिव्हेट.
- डेस्कटॉप, डाउनलोड, डॉक्युमेंट आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसता "डी ड्राइव्ह घेतला" पुरत नाही. डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली सी ड्राइव्हमध्ये असतात.
- फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करा. यादीशी ताडून बघा.
- ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क काढून घ्या.

कॉपी झाली की दुसऱ्याच एखाद्या मशीनवर ती डिस्क लावून पाच-सहा फाइली उघडा. उघडल्या तरच तो बॅकअप.

## टप्पा ६ : पहिला दिवस

खातं तुमचंच हवं. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. बऱ्याच ठिकाणी दुकानातला मुलगा वेळ वाचावा म्हणून स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. हे अजिबात चालवून घेऊ नका. २४एच२ पासून नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये पात्र मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणं) आपोआप चालू होतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाते. उद्या बायोस अपडेट झालं किंवा बोर्ड बदलला की मशीन ती की मागू शकतं. की दुसऱ्याच्या खात्यात असेल आणि ते खातं सापडलं नाही, तर तुमचा डेटा परत येत नाही. मशीनबरोबर ऑफिस आलेलं असेल तर तेही पहिल्यांदा जोडलेल्या खात्यालाच चिकटतं. स्वतःच्या खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवा आणि बिलासोबत ठेवा.

पुढचा क्रम मोडू नका :

1. विंडोज अपडेट, "अप टु डेट" येईपर्यंत. मध्ये दोन-तीनदा रीस्टार्ट होईल.
2. मदरबोर्डचे उरलेले ड्रायव्हर, मग प्रिंटर, मग डीएससी टोकन. प्रिंटरची यूएसबी केबल बऱ्याच मॉडेलना ड्रायव्हर टाकताना सांगितल्यावरच जोडायची असते.
3. मराठी. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा जोडा. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. रेमिंग्टनची (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची) सवय असणाऱ्यांना वेगळं सॉफ्टवेअर लागेल. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोज ११ मध्ये ऐच्छिक आहेत. भाषा जोडल्यावरही दिसले नाहीत तर ऑप्शनल फीचर्समधून "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" घ्या. ऑफिसची मंगलमधली पत्रं नव्या मशीनवर वेगळी दिसतात, त्याचं कारण हेच असतं.
4. जुने फॉन्ट, मग प्रोग्राम, सगळ्यात शेवटी डेटा.

> सावधान. सी ड्राइव्ह ८०-१०० जीबीचा करून बाकी डी आणि ई करायची जुनी पद्धत सोडा. अपडेट आणि प्रोग्राम सी वरच वाढतात. ५१२ च्या डिस्कवर सी किमान २५० जीबी ठेवा. डी हा बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात.

## टप्पा ७ : पहिले पंधरा दिवस

टप्पा १ ची वही पुन्हा काढा आणि प्रत्येक नोंद प्रत्यक्ष करून टिक करा. एक बिल छापा. डीएससीनं एक सही करा. पाच वर्षांपूर्वीची पत्रिका उघडा. टॅलीत मागच्या वर्षाची कंपनी उघडा. वीज घालवून यूपीएस किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. ज्या नोंदीवर टिक झाली नाही, तिच्यासाठी दुकानदाराला याच पंधरवड्यात गाठा, नंतर तो ओळख दाखवेलच असं नाही.

जुनं मशीन महिनाभर तसंच कपाटाशेजारी राहू द्या. मग द्यायचं असेल तर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट करून देऊ नका, त्यातून फाइली परत काढता येतात. विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढण्याबरोबर डेटा साफ करायचा पर्याय आहे, तो निवडा. फिरत्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतील, रात्री लावून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर चार स्क्रू काढून डिस्क घरी ठेवा आणि डबा तेवढा भंगारवाल्याला द्या.